मदत हवी आहे: पायथनच्या पांडाज लायब्ररीत डेटा घेताना रॅम फुल, वर पिनकोडला पॉइंट झिरो
मंडळी, जरा बघा ना. मायएसक्यूएलमधल्या ऑर्डर्सच्या टेबलात 40 लाखांच्या आसपास रो आहेत, त्या डेटाफ्रेममध्ये (पांडाजचं टेबल) घ्यायच्यात. रीड एसक्यूएल फंक्शनला चंकसाईज (एका वेळी किती रो द्यायच्या) 50000 दिली तरी पहिला चंक हातात यायच्या आधीच 8 जीबी रॅम भरून लॅपटॉप गपगार, म्हणजे डेटाबेसला जोडणारा ड्रायव्हर सगळा रिझल्ट एकदमच ओढतोय वाटतं, मग चंकसाईजचा उपयोग काय? एसक्यूएल अल्केमीत (पायथनमधून डेटाबेसशी बोलायची लायब्ररी) स्ट्रीम रिझल्ट्स, म्हणजे रिझल्ट थोडाथोडा आणायचा पर्याय, ट्रू करायचं ते नेमकं कुठे, कनेक्शनवर का?

दुसरं, पिनकोड 411038 चा 411038.0 होतोय. मधेमधे नल (रिकाम्या जागा) आहेत म्हणून इंटचा (पूर्णांक) फ्लोट (दशांश) झाला हे कळलं, पण तिथे शून्य भरायला जीव होत नाही (उद्या कोणी शून्य पिनकोडवर पार्सल पाठवेल). क्वेरीतच कास्ट करू (टाईप बदलू) की डीटाईपमध्ये (कॉलमचा टाईप) नल चालणारं कॅपिटल आयवालं इंट64 देऊ?