पर्किन्सच्या सळ्या आणि त्यांची लाकडी नक्कल
वेदना घालवण्याचा दावा करणारी जुनी उपकरणे निरुपयोगी होती, तर रुग्णांना बरे का वाटत असे, हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. अमेरिकेतील डॉक्टर एलिशा पर्किन्स यांनी १७९६ मध्ये पेटंट घेतलेल्या, टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या, सुमारे ३ इंची दोन धातूच्या सळ्या दुखऱ्या भागावरून ओढल्या की वेदना निघून जाते, असा त्यांचा दावा होता. हा दावा तपासण्यासाठी इंग्रज डॉक्टर जॉन हेगार्थ यांनी १७९९ मध्ये इंग्लंडमधील बाथ येथे धातूसारख्या रंगवलेल्या लाकडी सळ्या जुनाट संधिवाताच्या ५ रुग्णांवर फिरवल्या. त्यांपैकी चौघांनी आराम पडल्याचे सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी खऱ्या सळ्यांनीही जवळपास तेवढाच गुण आला. म्हणजे गुण धातूचा नव्हता, तर रुग्णांच्या विश्वासाचा होता; पण रुग्ण खोटे बोलत नव्हते, हे आवर्जून सांगावेसे वाटते. संग्रहालयात या सळ्या मांडताना शेजारी हेगार्थ यांच्या प्रयोगाची माहिती असायलाच हवी.