मदत हवी आहे: जुन्या पीसींवर बॉइंक चालवायचं, वीजबिल कसं आवरू?

मंडळी, नमस्कार. मुक्काम अकोला.

बॉइंक म्हणजे घरच्या पीसीची रिकामी ताकद विज्ञानाच्या प्रकल्पांना देणारं फुकट सॉफ्टवेअर. कॉलेजच्या लॅबमध्ये सेटी ॲट होमचा (परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचे संकेत शोधणारा प्रकल्प) स्क्रीनसेव्हर बघून हे वेड लागलं. ३१ मार्च २०२० ला सेटीने नवीन काम देणं थांबवलं, तेव्हा आइन्स्टाइन ॲट होमवर आलो. लायगो या वेधशाळांच्या डेटात गुरुत्वीय लहरी शोधायच्या, पल्सार (वेगाने फिरणारे मृत तारे) हुडकायचे. लायगो-इंडिया आपल्यापासून जवळच्या हिंगोलीत उभं राहतंय म्हटल्यावर जरा जास्तच आपुलकी!

घरात तीन डबे आहेत (नावं प्रोसेसरची). कोअर टू ड्युओ ई८४००, कोअर टू क्वाड क्यू६६०० आणि विंडोज ११ चालत नाही म्हणून एका ऑफिसने भंगारात काढलेला स्लिम कॅबिनेटचा आय५-२४००. तिन्हींवर लिनक्स मिंट आहे. तिन्ही चोवीस तास लावले आणि घरात बिलावरून महाभारत झालं. म्हणून सॉकेटला लावायचा वॉट मीटर आणला.

पूर्ण लोडवर ड्युओ ९५ वॉट, क्वाड १६०, आय५ ९५. म्हणजे महिन्याला साधारण २५२ युनिट फक्त यांचेच. घरचा वापर १८० च्या आसपास, त्यामुळे ३०० चा स्लॅब ओलांडला आणि पुढचं प्रत्येक युनिट महाग पडलं.

खरा धक्का पुढे. एकाच प्रकारचं सीपीयूचं काम क्वाडला १४ तास लागतं (एका वेळी चार), आय५ ला ७ तास (तेही चार), ड्युओला ११ (दोनच). भागाकार केला तर एका कामाला क्वाड ०.५६ युनिट खातो, ड्युओ ०.५२ आणि आय५ फक्त ०.१७. इतकी वर्षं क्वाडचं कौतुक करत होतो, तो निव्वळ हीटर निघाला.

प्रश्न असा: आय५ काढून त्याच बोर्डावर आय७-३७७० बसवू, की जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड घेऊ? पॉवर सप्लाय २४० वॉटचा आहे. आणि क्वाडला एसएसडी, रॅम घालून काही जीव येईल का?

प्रतिसाद १
क्वाडवर एक रुपया घालू नका. एसएसडीने मशीन लवकर उघडेल, गणित तेवढाच वेळ घेईल. डीडीआर२ रॅम शोधण्यात चप्पल झिजेल ते वेगळंच.
३७७० चा टीडीपी (पूर्ण लोडवर निघणारी उष्णता, म्हणजे साधारण लागणारी वीज) ७७ वॉट, २४०० चा ९५. शिवाय चारऐवजी आठ थ्रेड. पण तो पुढच्या पिढीचा आहे, बोर्डाचा बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) त्याला ओळखतो का ते आधी बघा. ऑफिसच्या ब्रँडेड मशीनमध्ये इथेच गाडी अडते. आठ थ्रेड म्हणजे आठ कामं एकदम, तेव्हा ४ जीबी रॅमवर भागणार नाही.

प्रतिसाद २
मी कार्डाच्या बाजूने. १६५० चा टीडीपी ७५ वॉट, बोर्डावरचा कार्डाचा स्लॉट तेवढी वीज देतो. मात्र काही मॉडेलना वेगळी सहा पिनची केबल लागते, ती तुमच्या सप्लायला नसणार. स्लिम कॅबिनेट आहे, तर लो प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्डच घ्या. कार्डाला काम पुरवायला सीपीयूचा एक कोअर मोकळा ठेवा.
कार्डाची आणि सीपीयूची कामं वेगळी असतात, त्यामुळे कामं मोजू नका. एका युनिटमागे क्रेडिट (केलेल्या कामाचे बॉइंक देतं ते गुण) किती मिळालं ते मोजा.
बॉइंकमध्ये ‘सीपीयू टाइम’ ८० टक्के करून ठेवलं असेल तर ते १०० करा. त्याने काम सारखं थांबतं-सुरू होतं आणि बाकीचं मशीन तेवढ्या वेळात फुकट वीज खातं. कमी करायचेच तर कोअर कमी करा.

प्रतिसाद ३
काका, अकोल्यात मे महिन्यात ४५ डिग्री, त्यात हे चालवणार? वर कूलर लावला की त्याचेही वॉट धरा की हिशेबात!

धागाकर्ता
धन्यवाद मंडळी. ‘सीपीयू टाइम’ खरंच ८० वर होतं, चोरी पकडली. क्वाड आणि ड्युओ कालच बंद केले. आता एकटा आय५, म्हणजे घर धरून २४८ युनिट, स्लॅबच्या आत. उन्हाळ्यात फक्त रात्री दहा ते सकाळी सहा, तशी वेळ बॉइंकमध्येच लावली.
बायोस जुना निघाला, त्यामुळे ३७७० बारगळला. आता लो प्रोफाइल १६५० शोधतोय. सेकंडहँड मिळतंय, पण क्रिप्टो मायनिंगमध्ये पिळून काढलेलं नाही हे विकत घेण्याआधी कसं ओळखायचं?