सहामाही इंजेक्शन की वर्षातून एकदा सलाईन? आईच्या हाडांसाठी सल्ला हवा आहे

मोगरा
आईचं वय ७२. महिन्यापूर्वी गादीची चादर खोचायला वाकली आणि पाठीत कळ आली. उसण भरली असेल असं धरून आम्ही आठवडाभर नुसतं शेकत राहिलो. शेवटी एक्स-रे काढला तर एक मणका दबलेला निघाला. त्याच्या खालचा आणखी एक आधीच कधीतरी दबून गेलेला होता, त्याचा तर तिलाही पत्ता नव्हता. वरच्या फळीवरचा डबा काढायला तिला दोनेक वर्षांपासून स्टूल लागायचं, ते आम्ही वयावर ढकललं होतं.

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये कमरेचा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा; जितका जास्त उणे तितकं हाड ठिसूळ) उणे ३.४ आला, खुब्याचा उणे २.८. आठवड्याला एक घ्यायची अलेंड्रोनेटची गोळी तिने आधी घेऊन पाहिली, पण छातीत जळजळ सोसवेना म्हणून बंद केली. आता डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेत: दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅब ६० मिलिग्रॅम, नाहीतर वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिड ५ मिलिग्रॅम शिरेतून. "घरी बोलून ठरवा" म्हणाले.

घरी बोलणार काय? एका नातेवाइकांनी सांगितलं की या औषधांनी जबड्याचं हाड सडतं आणि मांडीचं हाड चालता चालता मोडतं. तेव्हापासून आई "मला काहीच नको" म्हणून बसली आहे. ज्यांनी ही औषधं वर्षानुवर्षं घेतलीत किंवा घरच्यांना दिलीत त्यांनी कृपया लिहा. किती वर्षं घ्यावी लागतात, आणि थांबवल्यावर पुढे काय होतं?

रानवाट
मी ६६ वर्षांची. झोलेड्रोनिकची तीन सलाईनं झाली. पहिल्या वेळी दुपारी घरी आले आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला, बोटांचे सांधेसुद्धा ठणकत होते. तिसऱ्या दिवशी उठून कामाला लागले. पहिल्या खेपेला साधारण तिघींतल्या एकीला असं होतं, हे मला आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी काही झालं नाही. सलाईन पंधरा मिनिटांपेक्षा घाईने सोडू देऊ नका. त्या दिवशी पाणी भरपूर पाजा, आणि आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून घ्या. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी किती काम करते त्याचा आकडा) ३५ च्या खाली असेल तर हे औषध देत नाहीत.

फायदा म्हणाल तर २००७ च्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांत मणक्याची नवी फ्रॅक्चर औषधाविना १०.९ टक्के बायकांना झाली, औषध घेणाऱ्यांत ३.३ टक्के. खुब्याची २.५ वरून १.४ टक्क्यांवर आली. हे औषध हाडात मुरून राहतं, म्हणून तीन वर्षांनी मला औषधातून सुट्टी देता आली. तुमच्या आईचे दोन मणके गेलेत, तिला कदाचित सुट्टी इतक्या लवकर मिळणार नाही.

पिंपळपान
मोगराताई, डेनोसुमॅबबद्दल आमच्या घरात जे झालं ते सविस्तर लिहिते. ते आधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

सासूबाईंनी हे इंजेक्शन पाच वर्षं घेतलं. दंडात किंवा पोटावर एक सुई, पुढे सहा महिने डोक्याला ताप नाही. एकही फ्रॅक्चर नाही, प्रत्येक स्कॅनमध्ये आकडा सुधारलेला. मग मोतीबिंदूची दोन ऑपरेशनं आली, त्या गडबडीत तारीख टळली. नंतर विचारलं तर दवाखान्यात कुणीतरी सांगितलं, "स्कॅन छान आहे, आता थांबवलं तरी चालेल." आम्हाला आनंदच झाला. शेवटच्या इंजेक्शननंतर अकराव्या महिन्यात त्या खुर्चीतून उठताना कळवळल्या. तीन आठवड्यांत तीन मणके दबले. पडल्या नाहीत, काही उचललं नाही. रात्री कूस बदलताना त्या तोंडात पदराचा बोळा धरायच्या, आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून.

कारण मला नंतर समजलं. हाड कुरतडणाऱ्या पेशी तयार व्हायला जो निरोप लागतो तो हे औषध अडवून धरतं. पण ते स्वतः हाडात साठत नाही. सहा-सात महिन्यांनी त्याचा अंमल उतरला की अडवलेल्या पेशी एकदम उठतात आणि पूर्वीपेक्षाही जोराने हाड खातात. वर्ष-दोन वर्षांत कमावलेलं बहुतेक सगळं जातं. आधी मणक्याचं फ्रॅक्चर झालेलं असेल तर एकाच वेळी अनेक मणके दबण्याचा धोका जास्त. म्हणजे तुमच्या आईला तो आहेच.

मी औषधाच्या विरोधात नाही. २००९ च्या ७,८०० हून अधिक बायकांच्या चाचणीत तीन वर्षांत मणक्याची फ्रॅक्चर ७.२ टक्क्यांवरून २.३ वर आली. दहा वर्षं सलग घेणाऱ्यांची कमरेच्या हाडाची घनता २१.७ टक्के वाढली. इतकी वर्षं वाढ होत राहणं गोळ्यांत दिसत नाही. फक्त हे औषध सुरू करताना ते कसं थांबवायचं हेही त्याच दिवशी ठरलं पाहिजे. पहिली सुई टोचून घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, शेवटची कधी आणि तिच्या जागी काय? बहुतेक वेळा शेवटच्या इंजेक्शननंतर सहा महिन्यांनी झोलेड्रोनिक देतात किंवा अलेंड्रोनेटवर नेतात. हे उत्तर तयार नसेल तर इंजेक्शन घ्यायची घाई करू नका.

आणि तारीख. दोन-चार आठवडे उशीर झाला तर निभावतं, सात महिन्यांच्या पुढे जाऊ देऊ नका. घरातल्या दोघांच्या फोनमध्ये तरी आठवण लावून ठेवा.

निशिगंध
मी दंतवैद्य आहे, जबड्यापुरतं लिहितो.

तुमचे नातेवाईक म्हणतात तो प्रकार खरा आहे. हिरडीतून हाड उघडं पडतं आणि आठ आठवडे उलटले तरी जखम भरत नाही. पण या भीतीचा मोठा भाग कॅन्सरच्या रुग्णांकडून आला आहे. तिथे डेनोसुमॅब दर महिन्याला १२० मिलिग्रॅम देतात. वर्षाचा हिशोब केला तर तुमच्या आईच्या डोसच्या बारापट. ठिसूळ हाडांसाठीच्या डोसवर दहा वर्षं चाललेल्या अभ्यासात हे प्रमाण १०,००० जणी वर्षभर औषध घेत असतील तर त्यांत साधारण पाच, इतकं निघालं. शून्य नाही, म्हणूनच काळजी घ्यायची.

सुरू करण्याआधी दात दाखवा. जो दात वाचणार नाही तो आधीच काढून टाका आणि हिरडी भरू द्या. कवळी असेल तर ती कुठे टोचत नाही ना ते बघून घ्या, कवळीच्या घासण्यानेही हाड उघडं पडलेलं मी पाहिलं आहे. औषध चालू असताना दात काढायची वेळ आली तर डेनोसुमॅबचं इंजेक्शन महिनोन् महिने पुढे ढकलू नका. वर पिंपळपान यांनी लिहिलंय ते त्यातूनच होतं. आम्ही शेवटच्या इंजेक्शननंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दात काढायचं जमवतो.

आडवाट
मांडीच्या हाडाबद्दल. हे फ्रॅक्चर बहुतेक वेळा अचानक होत नाही. कितीतरी जणींना आधी काही आठवडे किंवा महिने मांडीत नाहीतर जांघेत बोथट दुखत असतं आणि त्या ते संधिवात समजून अंगावर काढतात. असं दुखलं तर दोन्ही मांड्यांचा एक्स-रे मागून घ्या, एकच नाही. झोलेड्रोनिक-अलेंड्रोनेटच्या गटात वर्षं वाढतात तसा धोका वाढतो आणि औषध थांबवलं की लवकर खाली येतो. २०२० च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात आशियाई वंशाच्या बायकांमध्ये तो गोऱ्या बायकांपेक्षा बराच जास्त दिसला, हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही उणे ३.४ आणि दोन दबलेले मणके असताना औषधच न घेणं, हा मला यातला सगळ्यात मोठा धोका वाटतो.

सायंतारा
एक तिसरा रस्ता कुणी सांगितला नाही म्हणून लिहितेय. वरची दोन्ही औषधं हाडाची झीज रोखतात. टेरिपॅराटाइड नवं हाड घडवतं. रोज २० मायक्रोग्रॅम, पोटावर किंवा मांडीवर, दोन वर्षं. मी पूर्ण केलं. २००१ च्या चाचणीत त्याने मणक्याची नवी फ्रॅक्चर ६५ टक्क्यांनी कमी केली होती.

सुरुवातीचे काही दिवस टोचल्यावर गरगरायचं, म्हणून पलंगावर बसूनच घ्यायची आणि लगेच आडवी व्हायची. उंदरांमध्ये हाडाचा कॅन्सर दिसला म्हणून यावर ठळक इशारा होता. माणसांत तसं काही आढळलं नाही आणि २०२० मध्ये अमेरिकेत तो इशारा काढला. ज्यांच्या हाडांना पूर्वी किरणोपचार झालेत किंवा रक्तात कॅल्शियम जास्त आहे त्यांना मात्र देत नाहीत.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी बांधायचं, मग राखायचं. टेरिपॅराटाइडनंतर झीज रोखणारं औषध घ्यावंच लागतं, नाहीतर मिळवलेलं ओसरतं. उलट, आधी डेनोसुमॅब आणि मग टेरिपॅराटाइड असं केलं तर खुब्याचं हाड काही काळ कमीच होतं. म्हणून आत्ताच विचारा, नंतर नको.

रोमोसोझुमॅब म्हणूनही आहे, महिन्यातून एकदा, एक वर्ष. वर्षभरात हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झालेला असेल तर ते नाही.

पाणवठा
मी डायलिसिस विभागात परिचारिका होते. एवढंच सांगते, किडनी फार कमकुवत असेल तर डेनोसुमॅबनंतर कॅल्शियम धोकादायक खाली जाऊ शकतं. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यावर ठळक इशारा दिला. किडनी चांगली असली तरी इंजेक्शनआधी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून कमतरता भरून काढा. नंतर ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या आल्या तर थांबू नका, लगेच कळवा.

मोगरा
सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद वहीत उतरवून घेऊन डॉक्टरांकडे गेले. "थांबवताना काय करणार?" हा पहिलाच प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि वीस मिनिटं नीट समजावून सांगितलं. दोन मणके आणि हा टी-स्कोअर बघता आधी हाड घडवणारं औषध देणं योग्य, असं तेही म्हणाले. रोजची सुई आम्हाला जमेल की नाही, या शंकेने त्यांनी आधी ते सुचवलं नव्हतं. कॅल्शियम, पॅराथायरॉइड, किडनी तपासलं, ठीक आहे. ड जीवनसत्त्व कमी होतं, ते आधी भरून काढलं. एक दाढ काढावी लागली, हिरडी भरली आहे. दोन वर्षं टेरिपॅराटाइड, मग लगेच झोलेड्रोनिक, असं कागदावर लिहून घेतलंय.

आईला पिंपळपान यांच्या सासूबाईंचं वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांना आता कसं आहे ते विचार." काल रात्री तिने पहिली सुई घेतली.

एक अडचण आहे. तिचा अंगठा संधिवाताने वाकडा झालाय, इंजेक्शनच्या पेनचं बटण पूर्ण दाबलं जात नाही. काय करू?

सायंतारा
काही दिवस तुम्हीच द्या. बटण पूर्ण आत गेल्यावर मनात सावकाश पाचपर्यंत मोजा, मगच सुई बाहेर काढा, नाहीतर थेंब बाहेर राहतो. रोज नवी सुई लावा आणि जागा बदलत राहा. पेन फ्रीजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात नको. उघडल्याची तारीख पेनवर चिकटवा, २८ दिवसांनी आत औषध उरलेलं दिसलं तरी टाकून द्या.

पिंपळपान
आईंना सांगा, सासूबाई आता काठी घेऊन चालतात. गेल्या वर्षी झोलेड्रोनिक दिलं, त्यानंतर नवं फ्रॅक्चर नाही. पाठीला बाक राहिलाय, पण रात्रीची झोप लागते.