अनुभव धागा : वृषपर्वातला जोडतारा आणि न दिसणारा ग्रह

शर्मिष्ठा या तारकासमूहाचा ‘एम’ बहुतेकांना ओळखता येतो, पण तिच्या आणि ध्रुवाच्या मधल्या ओसाड भागातला वृषपर्वा हा तारकासमूह आपण सहसा ओलांडून जातो. त्यातला गॅमा सेफी, म्हणजे एर्राई, साध्या डोळ्यांना एकच तारा दिसतो. प्रत्यक्षात तो ४५ प्रकाशवर्षांवरचा जोडतारा आहे. नारिंगी मुख्य ताऱ्याभोवती एक लाल बटू तारा साधारण ६७ वर्षांत फेरी पूर्ण करतो, आणि त्याच मुख्य ताऱ्याभोवती गुरूहून अधिक वस्तुमानाचा एक ग्रह सुमारे ९०३ दिवसांत फिरतो. हा तारा आपण शोधला असेल, शिकवला असेल किंवा शोधूनही सापडला नसेल, तर तो अनुभव इथे सविस्तर लिहावा, ही विनंती.

*वांगणीहून*

पहिल्या वर्षी मी भलत्याच ताऱ्याला एर्राई समजून दोन तास नोंदी केल्या. पुढच्या वर्षी एका जाणकार काकांनी सोपी खूण सांगितली : नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री आठच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून उभे राहावे, ‘एम’च्या डाव्या टोकाच्या ताऱ्यापासून ध्रुवाकडे रेघ ओढावी आणि अर्ध्याहून थोडे पुढे थांबावे. तिथे तो क्षितिजापासून जेमतेम ३० अंशांवर होता. दवाने बायनॉक्युलरच्या काचा सारख्या धुरकट होत होत्या आणि मी त्या शर्टाच्या टोकाने पुसत होतो (तसे करू नये, हे नंतर कळले). पाचव्या की सहाव्या वेळी काच स्वच्छ झाली, तेव्हा त्याचा पिवळसर नारिंगी रंग स्पष्ट दिसला.

*व्हिक्टोरिया, कॅनडाहून*

इथे हा तारा कधी मावळत नाही आणि बराच उंच असतो, त्यामुळे वरील सदस्यांचे कष्ट मला पडले नाहीत. मला खिळवून ठेवले ते त्याच्या इतिहासाने. ब्रूस कॅम्पबेल, गॉर्डन वॉकर आणि स्टीव्हन्सन यांग या कॅनडातल्या संशोधकांनी हवाईतल्या मौना कीआ पर्वतावरील ३.६ मीटरच्या दुर्बिणीने ताऱ्याच्या वेगातल्या बारीक चढउतारांची मोजमापे घेतली. ताऱ्याच्या वर्णपटावर मोजपट्टीसारख्या नेमक्या रेषा उमटाव्यात म्हणून त्यांनी प्रकाशाच्या वाटेत हायड्रोजन फ्लोराइडची कुपी ठेवली होती, आणि हा वायू किती विषारी व दाहक असतो हे रसायनशास्त्र शिकलेल्यांना सांगायला नको. १९८८ साली त्यांनी ग्रहाची शक्यता मांडली. १९९२ साली मात्र, हे चढउतार ताऱ्याच्या स्वतःच्या फिरण्यामुळे आणि पृष्ठभागावरील हालचालींमुळे असावेत, असे म्हणून त्यांनीच ती मागे घेतली. पुढे टेक्सासमधल्या मॅक्डॉनल्ड वेधशाळेतल्या नोंदी जुन्या नोंदींना जोडल्यावर तीच लय वर्षानुवर्षे न चुकता चालल्याचे दिसले आणि २००२ साली ग्रह पक्का झाला. मधल्या काळात, १९९५ साली, ५१ पेगासी या दुसऱ्याच ताऱ्याभोवतीच्या ग्रहाने सगळी प्रसिद्धी नेली होती. मला स्वतःला १९९२ची ती माघार शोधाइतकीच मोलाची वाटते.

*सांगलीहून, भौतिकशास्त्राची शिक्षिका*

ग्रहाच्या ओढीने हा तारा सेकंदाला सुमारे २७ मीटर वेगाने आपल्याकडे येतो आणि मागे जातो, हे वाक्य वर्गात कोणाच्याही डोक्यात शिरत नव्हते. मग फळ्यावर त्याचे ताशी किलोमीटर काढले, तर जवळपास १०० आले. “म्हणजे एक्स्प्रेसवेवरची गाडी!” मागच्या बाकावरून आवाज आला. एवढा अवाढव्य तारा मोटारीच्या वेगाने डुलतो आणि ते आपल्याला इथून कळते, हे पटल्यावर वर्ग गप्प झाला. एका मुलीने विचारले, की दोन सूर्य असतील तर सावल्याही दोन पडतील का? सोबती तारा फार मंद असून सरासरी सूर्य ते युरेनस एवढ्या अंतरावर आहे, त्यामुळे दिवसा त्याची सावली जाणवणार नाही, असे मी सांगितले. तिची निराशा झाली.

*ठाण्याहून*

आमच्या उत्तरेला तेवीस मजले उभे आहेत. अनुभव एवढाच.

*नाशिकहून, निवृत्त*

हौसेने घासलेल्या सहा इंची आरशाच्या दुर्बिणीतून मी या ताऱ्याची जोडी फोडण्याचा, म्हणजे दोन्ही तारे वेगवेगळे पाहण्याचा, प्रयत्न अनेक हिवाळे केला. कधी आरशाला दोष दिला, कधी हवेला, तर कधी मोतीबिंदूला. पुढे वाचनात आले, की तो सोबती मुख्य ताऱ्याच्या झगमगाटात इतका जवळ दडलेला आहे, की त्याची थेट प्रतिमा २००६ साली सुबारूसारख्या ८.२ मीटरच्या दुर्बिणीलाच मिळाली. आरशाची मी मनोमन माफी मागितली. २०१५ साली त्या ग्रहाला सीरियातल्या खगोलप्रेमींच्या संस्थेने सुचवलेले ‘तादमोर’ हे नाव मिळाले. पाल्मायरा या प्राचीन नगरीचे ते अरबी नाव, आणि त्याच वर्षी तिथली मंदिरे सुरुंगांनी उडवली गेली होती. एर्राई म्हणजे मेंढपाळ. पृथ्वीच्या अक्षाच्या डोलण्यामुळे सुमारे हजार वर्षांनी ध्रुवताऱ्याचा मान त्याच्याकडे जाईल. माझे वय ६७, म्हणजे माझ्या जन्मापासून त्या लाल बटूची एक फेरी नुकतीच पूर्ण झाली. दुर्बीण अजून गच्चीवरच आहे.