अनुभव धागा : व्यसन घरात कुठल्या नावानं आलं?

रंकाळाकाठ (धागाकर्ती)

लिव्हर जाऊन कुणी वारलं की मयताच्या घरी बसलेल्या बायका एकमेकींना सांगतात, "संगत वाईट, दुसरं काय." मला हे उत्तर कधीच पटलं नाही. संगत सगळ्यांनाच असते. माझ्या पाहण्यात तरी नशा घरात येते तेव्हा तिला कोणी नशा म्हणत नाही. कामाचा शीण म्हणतात, जत्रेचं मटण म्हणतात, धंद्यातली बैठक म्हणतात. माझे दीर मार्केट यार्डात अडत्याकडे होते. गुळाचे सौदे आटपले की व्यापाऱ्यांची ऊठबस त्यांच्याकडे. होता होता ही बैठक सकाळी चहाच्या आधी सुरू व्हायला लागली, आणि व्यापारी कधीच उठून गेले होते.

तर लिहा. तुमच्याकडे ती कुठल्या नावानं आली, काय घेऊन गेली, घरच्यांनी काय केलं आणि त्याचं काय झालं. माणसांची नावं नकोत, गाव-पेठ चालेल. केंद्रांच्या जाहिराती टाकल्या तर उडवीन.

उद्यमनगरकर

पप्पा फौंड्रीत मोल्डर. दिवसभर भट्टीची धग, वर ओव्हरटाइम. रात्रीचं ओतकाम असलं की ठेकेदारच क्वार्टर आणून द्यायचा, पगारात न धरता. अंग दुखायचं थांबतंय, झोप लागतीय, एवढंच पप्पांचं म्हणणं. झोप लागायची खरी, पण पहाटेच मोडायची. उठल्या उठल्या हात थरथरायचे, ते थांबवायला नाइन्टी. पुढं पुढं नाइन्टी पोटात गेल्याशिवाय साच्यावर हात स्थिर राहीना.

आईला गल्लीतल्या एका बाईनं पावडर दिली. भाजीत मिसळ, माणसाला कळत पण नाही म्हणे. त्याच संध्याकाळी पप्पा पिऊन आले आणि अर्ध्या तासात तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, बीपी खाली. १०८ बोलवावी लागली. डॉक्टर म्हटले, डायसल्फिराम असणार. दारूचं शरीरात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं आणि मग ते पुढं मोडतं. हे औषध ती पुढची पायरीच अडवतं, त्यामुळं विष साठत जातं. औषध खोटं नाही. पण ज्याला द्यायचं त्याला सांगून, तपासण्या करून द्यायचं, आणि गोळी थांबवली तरी दोन आठवडे प्यायचं नाही हे बजावायचं. चोरून द्यायची ही गोष्टच नव्हे.

पप्पा वाचले. त्यानंतर मात्र आईनं वाढलेलं ताट ते आधी आम्हाला चाखायला लावायचे. आई काही बोलायची नाही. दारू सुटली नाही ती नाहीच.

चंदगडचा पावणा

आमच्याकडं कारण भूगोल. तिलारी घाट उतरला की गोवा जवळ, तिथं कर कमी म्हणून बाटली स्वस्त. पोरं गाडीवर ड्रायव्हर म्हणून जातात आणि येताना माल आणतात. गाडी धरली की मालक नामानिराळा, केस ड्रायव्हरवर. माझा चुलतभाऊ अजून तारखांना जातोय. गंमत म्हणजे माल आणत होता तेव्हा तो पीत नव्हता. प्यायला लागला केस झाल्यावर.

तालमीतला

लहानपण शिवाजी पेठेत, तालमीत गेलं. तोंडात सुपारी दिसली तरी वस्ताद कानाखाली द्यायचे. आता जिम जास्त, आणि निम्मी पोरं भरतीची. पोलीस भरतीला १६०० मीटर पळावं लागतं. मावसभावाला कुणीतरी इंजेक्शन दिलं, "दम लागत नाही बघ भावा." मेफेंटरमाइन. भूल दिल्यावर ऑपरेशनच्या टेबलावर रक्तदाब पडला तर तो वर आणायला डॉक्टर वापरतात ते औषध. ही पोरं ते मैदानाच्या कडेला टोचून घेत होती.

दम लागायचा नाही हे खरं. पण भूक मेली, नाडी पळायला लागली, रात्र रात्र जागा. मग त्याला वाटायला लागलं शेजारचे कॅमेरा लावून बघालेत. खिडक्यांना पेपर चिकटवले. मावशीनं करणी समजून देवऋषी केला, त्यात पैसे गेले ते वेगळेच. इंजेक्शनचं उघड झालं दंडावर गळू आल्यावर. एकच सुई चौघांत फिरायची, त्यामुळं हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही सगळ्या तपासण्या कराव्या लागल्या. भरती राहिलीच.

रंकाळाकाठ

'दम'! हे नाव माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

कागलची सून

आमच्या गावात दारूचं दुकान बंद करायचं का यावर मतदान झालं होतं, बाटली आडवी (बंद) की उभी (चालू). आधी यादीतल्या २५ टक्के बायकांच्या सह्या, त्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान. खरी मेख पुढं आहे. झालेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. म्हणजे बाळंतपणाला माहेरी गेलेली, पुण्याला कामाला गेलेली, मेलेली पण यादीत राहिलेली, सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूला धरल्यासारख्या. आम्ही गाड्या करून बायका आणल्या आणि जिंकलो.

दारू बंद झाली का? नाही, पुढच्या गावात गेली. तरी संध्याकाळी एसटी स्टँडवरनं पोरी एकट्या घरी यायला लागल्या. बाजाराच्या दिवशी मजुरी दुकानासमोरच संपायची, ती निदान अर्धी चुलीपर्यंत पोचते. सासरे म्हणतात काय उपयोग झाला. त्यांना स्टँडवरनं चालत यावं लागत नव्हतं.

माळकरी

मी स्वतः पिणारा. एका आषाढीला माळ घातली आणि त्या दिवसापासून थेंब बंद. माळेवर किती घरं सावरली ते मी बघितलंय, त्यामुळं कोणी हसू नका. पण रोज बाटली संपवणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद करणं जिवावर बेततं, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी फिट आली. तिसऱ्या रात्री भिंतीवरनं विंचू उतरायला लागले. बायकोला ओळखेना, उसाला पाणी सोडायचंय म्हणून अंधारात दार शोधत होतो म्हणे. घरचे म्हणाले अंगात आलंय. शेजारच्या मास्तरांनी गाडीत घातलं म्हणून आज लिहितोय.

दवाखान्यात आधी बी-वन जीवनसत्त्व दिलं, म्हणजे थायमिन. पिणाऱ्याच्या शरीरातलं ते संपत आलेलं असतं, आणि त्याशिवाय नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिटचा धोका, ४८ ते ९६ तासांत भ्रमाचा. घरातल्यांनी हे आकडे पाठ करावेत. डॉक्टर गोळ्या देऊन बेतानं उतरवतात. माळ जरूर घाला, पण दवाखान्यातनं.

आता एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' गटाच्या मीटिंगला जातो. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले त्यातनं हे निघालं. आडनाव विचारत नाहीत. जन्मभराची शपथ घालत नाहीत, आजचा दिवस एवढंच. बायको अल-अनॉनला जाते, ते घरच्यांसाठी असतं. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा तिचा चेहरा आधी सुधारला.

राजारामपुरीतली आई

लिहू का नको करत होते. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. बॅगेत गांजाची पुडी सापडली. "टेन्शन जातं, सगळेच ओढतात" म्हणतो. ह्यांना सांगितलं तर मारतील. पोलिसांचं लचांड होईल म्हणून डॉक्टरकडेही नेलेलं नाही. नणंद म्हणते एका केंद्रात टाका, तिथं सहा महिने कोंडून ठेवतात.

रंकाळाकाठ

ताई, उपचाराला गेलं म्हणून कोणी बेडी घालत नाही. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा थोड्या मालाचा आरोप झालेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल आणि ते पूर्ण करत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धे सोडले तर मात्र ते संरक्षण जाऊ शकतं. कोंडून ठेवणाऱ्यांकडे आधी नोंदणी मागा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-अमली पदार्थांचे आजारही येतात, आणि रुग्णाला साखळीनं बांधायला त्यात मनाई आहे. सीपीआरला, आपल्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, तिथं दाखवा. घरातनंच बोलायचं असेल तर १४४४६ ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे.

राजारामपुरीतली आई

त्याला आधी काय विचारू?

माळकरी

पुडी कुणी दिली ते विचारू नका, खोटंच सांगेल. झोप लागते का, पेपर किती राहिलेत, ते विचारा. गुरुवारी मी सीपीआरला तपासणीला येतोय. केसपेपरच्या रांगेत सोबत थांबेन.

राजारामपुरीतली आई

वेळ व्यक्तिगत निरोपात कळवते. ह्यांना सध्या सांगत नाही.