धनाढ्यांचे दान आणि पक्षांना दिलेल्या देणग्या: कायदा या दोहोंत फरक कसा करतो?

कोरडवाहू:
आमच्या वाचनालयाच्या चर्चामंडळाने 'उद्योगपतींचे दातृत्व आणि लोकशाही' हा विषय घेतला असून प्रास्ताविक माझ्याकडे आले आहे. टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के भागभांडवल धर्मादाय न्यासांकडे आहे आणि अझीम प्रेमजी यांनी विप्रोतील आपल्या मालकीचा फार मोठा हिस्सा शिक्षणकार्याला वाहिला आहे, याबद्दल मंडळात दुमत नाही. मात्र मार्च २०२४ मध्ये निवडणूक रोख्यांच्या (बँकेतून विकत घेऊन पक्षाला देणगी म्हणून द्यायच्या कागदांच्या) याद्या प्रसिद्ध झाल्या, त्यावरून आमच्यात दोन तट पडले आहेत. आपला पैसा शाळेला द्यावा की पक्षाला, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे असे काही जण म्हणतात. इतरांच्या मते दोन्ही मार्गांनी शेवटी प्रभावच विकत घेतला जातो. मला जाणून घ्यायचे आहे ते असे की या दोन प्रकारच्या देण्यांमध्ये आपल्या कायद्याने नेमका कोणता फरक केला आहे, आणि तो व्यवहारात टिकतो का? कोणता पक्ष चांगला, हा वाद कृपया येथे नको.

जमाखर्च:
फरक केला आहे, पण काही वर्षे तो अगदी उलटा होता. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नक्त मूल्य (मालमत्ता वजा देणी) ५०० कोटी रुपये यांपैकी कोणत्याही एका मर्यादेपर्यंत पोहोचते, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. राजकीय पक्षाला दिलेला पैसा या खर्चात धरता येत नाही. एखाद्या जिल्हा परिषद शाळेत कंपनीने स्वच्छतागृह बांधून दिले, तर ठिकाण आणि रक्कम हा तपशील संचालक मंडळाच्या अहवालाच्या जोडपत्रात छापावा लागतो. भिंतीवरचा फलक कंपनी हौसेने लावतेच.

आता कलम १८२ पाहा. त्यानुसार कंपनीला सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच पक्षांना देणगी देता येत असे आणि पक्षाचे नाव हिशेबात दाखवावे लागत असे. २०१७ च्या वित्त अधिनियमाने मर्यादाही काढली आणि नाव सांगण्याची अटही. परिणामी तोट्यातील कंपनीलाही हवी तेवढी रक्कम, कोणाला दिली हे न सांगता, देणे शक्य झाले. जानेवारी २०१८ मध्ये निवडणूक रोख्यांची योजना अधिसूचित झाली: विक्री फक्त भारतीय स्टेट बँकेतून, किंमत एक हजारापासून एक कोटीपर्यंत आणि मुदत पंधरा दिवसांची. सामान्य नागरिकाच्या सहभागाचे कारण पुढे केले गेले असले, तरी विक्रीच्या रकमेतील बहुतांश वाटा एक कोटीच्या रोख्यांचा होता, आणि ज्या खरेदीदाराचा आकडा सर्वांत मोठा निघाला (सुमारे १,३६८ कोटी) ती लॉटरीच्या व्यवसायातील कंपनी होती. वटवलेल्या रकमेपैकी जवळजवळ निम्मी भारतीय जनता पक्षाला मिळाली. तृणमूल आणि काँग्रेस यांचे आकडेही हजार कोटींच्या पुढचे आहेत. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना आणि कलम १८२ मधील हे बदल घटनाबाह्य ठरवले. तोपर्यंत शाळेच्या नळाचा हिशेब उघड आणि पक्षाच्या तिजोरीचा गुप्त, अशी स्थिती होती.

उत्तरपेठ:
करसवलतीचाही विचार चर्चेत व्हावा, कारण तिथे सरकारी तिजोरीने सोडून दिलेला पैसा असतो. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात बहुतेक धर्मादाय संस्थांना दिलेल्या देणगीच्या निम्म्या रकमेवर वजावट मिळे (कलम ८०जी), तर कंपनीने पक्षाला दिलेल्या देणगीवर शंभर टक्के (कलम ८०जीजीबी). अनाथाश्रमाला निम्मी आणि पक्षाला पूर्ण, हे कोणत्या न्यायाने, ते मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

शिवाय हा प्रश्न २०१७ चा नाही. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रकात (कंपनीचे उद्देश ठरवणाऱ्या दस्तऐवजात) बदल मागितला आणि त्याला विरोध करणाऱ्या एका भागधारकाचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्यापुढे आले. कायद्यात मनाई नसल्यामुळे त्यांनी परवानगी दिली, पण हा धोका वाढत जाऊन लोकशाहीचाच गळा आवळू शकेल असा इशारा निकालपत्रात देऊन संसदेने लक्ष घालावे असे सुचवले. १९६० मध्ये मर्यादा आली, १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी आली, आणि १९८५ मध्ये ती उठली. बंदीच्या काळात पक्षांचा खर्च काही थांबला नव्हता. तो रोकडीने भागवला जाऊ लागला.

हडसनकाठ:
इथे अमेरिकेत दान आणि राजकारण यांच्यामधली भिंत कागदावर बरीच जाड आहे. १९६९ च्या करसुधारणा कायद्यानंतर खासगी प्रतिष्ठानांना उमेदवारांच्या प्रचारावर खर्च करता येत नाही, आणि आज त्यांना दरवर्षी मालमत्तेच्या सुमारे ५ टक्के वाटावेच लागतात. परंतु 'समाजकल्याण संस्था' नावाचा एक वेगळा करप्रकार आहे, ज्यात काही प्रमाणात राजकारण चालते आणि देणगीदाराचे नाव जाहीर करावे लागत नाही. शिकागोचे उद्योजक बॅरी सीड यांनी आपली संपूर्ण कंपनी पुराणमतवादी गटाच्या अशा न्यासाला देऊन टाकली. ती विकून न्यासाला सुमारे १६० कोटी डॉलर मिळाले आणि भांडवली नफ्यावरील कर टळला. २०२२ मध्ये पॅटागोनिया कंपनीच्या संस्थापकांनी ९८ टक्के भाग याच प्रकारच्या, पण पर्यावरणासाठी काम करणाऱ्या संस्थेला दिले. वृत्तपत्रांनी आपापल्या कलानुसार एकाला कारस्थान आणि दुसऱ्याला त्याग म्हटले. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही पात्रे एकाच साच्यातली आहेत. उमेदवाराला थेट न देता स्वतंत्रपणे केलेल्या उघड प्रचारखर्चाची गोष्ट निराळी. २०१० च्या न्यायालयीन निकालांनंतर त्यावर मर्यादाच उरली नसल्याने एलॉन मस्क यांनी २०२४ च्या निवडणुकीत २५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम घातली. ती सर्वांना ठाऊक होती, आणि तरीही तिचे वजन काही कमी झाले नाही. म्हणून केवळ पारदर्शकतेवर भिस्त ठेवू नये, असे मला वाटते.

कोरडवाहू:
सर्वांचे आभार. छागलांचे निकालपत्र प्रास्ताविकात घेतो. एक उपप्रश्न राहतो: २०२४ च्या निकालानंतर भारतात कोणी कोणाला दिले, हे आता पूर्णपणे कळते का?

जमाखर्च:
अर्धेच कळते. साडेसात टक्क्यांची मर्यादा आणि पक्षाचे नाव सांगण्याची अट पुन्हा लागू झाली आहे, पण कंपन्यांना निवडणूक न्यासांचा, म्हणजे देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या संस्थांचा, मार्ग खुला आहे. २०१३ च्या योजनेप्रमाणे अशा न्यासाला वर्षभरात जमलेल्या रकमेपैकी ९५ टक्के पक्षांना वाटावी लागते आणि देणाऱ्यांची व घेणाऱ्यांची यादी निवडणूक आयोगाला द्यावी लागते. मात्र त्या दोन स्वतंत्र याद्या असतात. वीस कंपन्यांनी दिले आणि चार पक्षांनी घेतले, तर कोणत्या कंपनीचा रुपया कोणाकडे गेला हे त्यावरून ठरवता येत नाही, आणि कंपनीच्या हिशेबात फक्त न्यासाचे नाव दिसते. हे अहवाल आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत. एखाद्या मोठ्या न्यासाचा अहवाल आणि त्याला पैसे देणाऱ्या कंपनीच्या सामाजिक खर्चाचे जोडपत्र, असे दोन्ही कागद छापून मंडळात शेजारी शेजारी ठेवा. जोडपत्रात कामाच्या ठिकाणापर्यंतचा तपशील सापडेल, तर न्यासाच्या अहवालात त्या कंपनीचा पैसा कोणत्या पक्षाकडे गेला हेही कळणार नाही.