नास्तिकांची चर्चवारी : तुमचेही अनुभव येऊ द्या

देवाधर्माशी माझं काडीचंही देणंघेणं नाही. तरी जुनं चर्च दिसलं की पाय आपोआप तिकडे वळतात आणि कॅमेऱ्याची बॅटरी संपल्याशिवाय मी काही बाहेर पडत नाही. माझ्यापुरतं कारण म्हणजे दगडकाम. इंग्लंडमधल्या डरहॅमच्या कॅथेड्रलचं (म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचं) बांधकाम १०९३ साली सुरू झालं. तिथले अजस्र खांब एकसारखे नाहीत. कुणावर नागमोडी रेघा, कुणावर तिरक्या चौकटी, सगळं दगडात खोदलेलं. यात मला देव नाही, पाथरवट दिसतो. तुम्हाला काय दिसतं?

* * *

मला गंमत दिसते! बरेच जण मान वर करून छत बघतात, मी बसायच्या जागा बघते. भिक्षूंना प्रार्थनेत तासन्‌तास उभं राहावं लागे, म्हणून दुमडत्या लाकडी आसनाच्या खालच्या बाजूला टेकण्यापुरता आधार ठेवलेला असतो. त्याला मिझरिकॉर्ड म्हणतात. आसन उचललं (आधी विचारून) की खाली सुताराने मनसोक्त चेष्टा केलेली सापडते. इंग्लंडमध्ये काही ठिकाणी तर कोल्हा धर्मगुरूचा वेश करून हंसांना प्रवचन देतोय! वेदीपासून हाकेच्या अंतरावर धर्मगुरूंचीच टिंगल. फोटोसाठी सरळ फरशीवर आडवं व्हायचं. लोक बघतात, बघू देत.

* * *

मी जरा वेगळं बोलतो. एवढी उंची माणसाला किडामुंगी वाटायला लावण्यासाठीच असते. गरिबांच्या पैशावर उभी राहिलेली सत्ता आहे ती. फोटो मीही काढतो, पण भारावून वगैरे जात नाही.

* * *

वरच्या प्रतिसादाशी बराचसा सहमत, आणि म्हणूनच फ्रान्समधलं बोव्हेचं कॅथेड्रल माझं सर्वांत लाडकं. छत जवळपास ४८ मीटरवर नेलं; १२८४ मध्ये त्यातला काही भाग कोसळला. पुढे मनोरा चढवला, तोही १५७३ मध्ये खाली आला. लांबलचक मुख्य दालन कधी झालंच नाही. आत आता लाकडी-लोखंडी टेकू लावलेत. लोकांना ते फोटोत नको असतात, मी मुद्दाम घेतो. हाव आणि हिशेब यांचं भांडण त्या टेकूंइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

* * *

थोडं कामाचं. जुन्या चर्चची वेदी बहुधा पूर्वेला असते. म्हणजे सकाळी वेदीमागच्या काचा उजळतात आणि दर्शनी भिंतीवर उतरतं ऊन संध्याकाळी पडतं. रंगीत काचांसाठी एक्सपोजर (प्रकाशाचं माप) काचेवरच धरा, भिंती काळ्या पडल्या तर पडू द्या. ढगाळ दिवस वाया गेला असं समजू नका, रंग तेव्हाच एकसारखे येतात. ट्रायपॉडला बऱ्याच ठिकाणी मनाई असते. कॅमेरा बाकाच्या पाठीवर टेकवायचा, दोन सेकंदांचा टायमर लावायचा. पॅरिसच्या सेंट शापेल या चर्चमध्ये मात्र गर्दी इतकी, की बाकही विसरा.

* * *

मेणबत्ती लावणाऱ्या बाईंचा पाठमोरा फोटो फार सुरेख येतो, कबूल. पण मी काढत नाही. आपण त्यांच्या घरात शिरलेले पाहुणे. प्रार्थना सुरू झाली की कॅमेरा पिशवीत. उठून जात नाही, कारण ऑर्गन ऐकायचा असतो. श्रद्धा नसली म्हणून कान काही बंद होत नाहीत!

आणि फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलला जाणार असाल तर तिथला फरशीवरचा दगडी चक्रव्यूह एरवी खुर्च्यांखाली झाकलेला असतो. वर्षातले काही महिने शुक्रवारी खुर्च्या हटवतात. तारखा बघूनच तिकीट काढा.